कंपासची फुलं

कागदवाल्याशी ताईचं भांडण झालं तेव्हा मी अर्थातच ताईच्या बाजूने उभी राहिले. माझी पद्धतच तशी आहे. आधी भांडायचं, मग कोण खरं ते बघायचं. कामावर मला मिरची म्हणतात ते काही रंगावरून नव्हे.

भांडण चौकडीच्या कागदावरून होतं. आम्ही दोघी बहिणी कापड छापणाऱ्या कारखान्यात नक्षी काढतो. पडदे, चादरी, टेबलक्लॉथ, उशांचे अभ्रे, जे काही छापायचं असेल त्यावरची फुलं आमच्या टेबलांवरून जातात. ही फुलं खरी नव्हेत. खऱ्या फुलाची एखादी पाकळी किडलेली असते, एखादी मुडपलेली असते, आणि तरी ते छान दिसतं. आमच्या फुलाला ती चैन परवडत नाही. पाच पाकळ्या, मधे ठिपका, खाली देठ, देठाला दोन्हीकडे एकेक पान, आणि डावीकडे जे असेल तेच उजवीकडे. हे फूल कसलं म्हणून विचारलंत तर आम्हालाही सांगता येणार नाही. ते नुसतं फूल असतं. ते मापात बसावं म्हणून बारीक चौकटी छापलेला कागद लागतो, आणि त्या कागदावरच्या रेघा वाकड्या आहेत, मधोमध पाण्यासारख्या हलतात, असं ताईचं म्हणणं होतं.

तिने अख्खा गठ्ठा परत नेला. कागदवाल्याने शांतपणे पट्टी काढली, कागदावर ठेवली आणि आम्हाला दाखवली. मी म्हणाले, तुमची पट्टीच वाकडी आहे. तो माझ्याकडे न बघता ताईला म्हणाला, "नाचता येईना अंगण वाकडं, असं झालं हे." मग मी त्याच्या दुकानाचा, त्याच्या कागदाचा आणि त्याच्या जिभेचा यथासांग उद्धार केला आणि गठ्ठा तिथेच टाकून आम्ही बाहेर पडलो. निघताना मी एक कागद मात्र उचलून घेतला होता, पुरावा म्हणून. घरी आल्यावर खिडकीशी धरून बघितला. रेघा सरळ होत्या. उलटा धरला, आडवा धरला. सरळच.

मी ताईला काही बोलले नाही. माझ्यासारखी बाई गप्प बसते तेव्हा काहीतरी बिघडलंय असं समजावं.

ताईला कामावर सगळे कंपास म्हणतात. बाकीचे नक्षीवाले अर्धं फूल काढतात, कागदाची घडी घालतात आणि दुसरा अर्धा भाग त्यावरून उतरवून घेतात. त्यात काही गैर नाही, मीही तेच करते. ताईने घडी कधी घातली नाही. दोन्ही बाजू ती हातानेच काढायची, पट्टी नाही, कंपास नाही, नुसत्या चौकटी मोजत. पूर्वी एकदा छपाईच्या मुकादमाने तिच्या नकळत तिच्या फुलाची घडी घातली आणि दिव्यासमोर धरली. पाकळीवर पाकळी बसली, पानावर पान. तेव्हापासून तिला ते नाव पडलं, आणि तिने दाखवलं नाही तरी तिला ते आवडायचं.

कारखान्याबाहेर मात्र तिला काळं कुत्रंही विचारत नव्हतं. पडद्यावरचं फूल कुणी काढलं असं कोण विचारतं? लोक पडदा लावतात, धुतात, विटला की फरशी पुसायला घेतात. रस्त्याने चालताना लोकांच्या खिडक्यांकडे बघायची ताईला खोड होती. मधेच थांबून म्हणायची, "ते माझं." एवढंच. मी विचारायचे, वर जाऊन सांगू का त्यांना? ती हसायची आणि चालू लागायची. मला मात्र राग यायचा. एखाद्या माणसाने इतकी वर्षं इतकं नेटकं काम करावं आणि कुणी मान वर करून बघू नये, याचा तिच्या वाट्याचा रागही मीच करून घेत आले होते.

आम्ही किल्ल्या बनवणाऱ्याच्या दुकानावरच्या दोन खोल्यांत राहतो. मी लग्न करून गेले होते, ते काही निभलं नाही, आणि एका दुपारी बॅग घेऊन परत आले. ताईने एका शब्दाने विचारलं नाही. कपाटातले खालचे खण रिकामे केले आणि म्हणाली, जेवून घे. त्या दिवसापासून तिच्यासाठी कुणाशीही भांडायची माझी तयारी आहे. तिच्याशीच भांडायची वेळ येईल असं मात्र कधी वाटलं नव्हतं.

कागदवाल्याशी बिनसल्यावर ताई म्हणाली, चौकडी नकोच, साध्या कागदावर काढते, हाताला सवय आहे. ती काढू लागली. तिचं फूल तिच्याकडून माझ्या टेबलावर येतं आणि मी ते रिपीटमध्ये बसवते. म्हणजे असं, की एकच नक्षी कापडावर पुन्हा पुन्हा छापली जाते, तेव्हा उजव्या कडेला जे फूल अर्धं तुटतं ते पुढच्या छापाच्या डाव्या कडेवरच्या अर्ध्याशी बेमालूम जुळलं पाहिजे. ताईच्या कागदाला मला कधी हात लावावा लागला नव्हता. आता कडा जुळेनात. देठ डावीकडे कलायचा, उजव्या पाकळ्यांना पोट सुटायचं, एक पान दुसऱ्यापेक्षा वर चढायचं. पहिल्यांदा वाटलं, थकली असेल. मी गुपचूप सारखं करून घेतलं. पुढच्या खेपेलाही केलं. मग न राहवून विचारलं, ताई, हे मुद्दाम असं काढलंयस का? ती म्हणाली, "कसं?" तिने कागद हातात घेतला, जवळून बघितला, लांबून बघितला आणि मला परत दिला. चांगलं आलंय की, म्हणाली.

तिला ते सरळ दिसत होतं. सरळ रेघ तिच्या डोळ्याला वाकडी दिसायची, म्हणून ती सरळ दिसेपर्यंत देठ वळवत न्यायची, आणि तिला सरळ वाटणारा देठ आम्हा बाकीच्यांसाठी वाकडा झालेला असायचा. कागदात काही दोष नव्हता. खिडकीचे गज वाकलेत, बदलून द्या, म्हणून तिने घरमालकालाही टोकलं होतं, ते मला तेव्हा आठवलं.

त्याच आठवड्यात मी तिला डॉक्टरकडे नेलं असतं तर पुढचं काही झालंच नसतं. पण मधे सूनबाई आली.

सूनबाई म्हणजे मालकांची सून. पाठीमागे सूनबाई, तोंडावर मॅडम. नक्षीकामाचंच शिकून आलेली, म्हणून मालकांनी आमचा विभाग तिच्याकडे सोपवला होता. तिचा दुस्वास करायचा मी मनापासून प्रयत्न केला, पण ती संधीच देत नव्हती. कष्टाळू, बोलायला साधी, चुकलं तर चुकलं म्हणणारी. एका सकाळी मी जागेवर नसताना तिने माझ्या टेबलावरचा ताईचा कागद उचलला, मी अजून सारखा न केलेला. मी आले तर ती तो खाली ठेवायलाच तयार नव्हती. म्हणाली, ही फुलं जिवंत वाटतात, वाऱ्यात उभी असल्यासारखी. आधीच्या फुलांत हे का नव्हतं?

तिने तो कागद एका मोठ्या गिऱ्हाइकाला दाखवला. गिऱ्हाईक म्हणालं, अशी अख्खी मालिका द्या, पडद्यांपासून अभ्र्यांपर्यंत. आणि सूनबाईच्या आग्रहाने असं ठरलं की कापडाच्या काठावर, जिथे एरवी फक्त कारखान्याचं नाव असतं, तिथे नक्षी काढणारीचंही नाव छापायचं. ताईचं नाव. आमच्याकडे असं कधी झालं नव्हतं.

ताईला मी इतकी आनंदात कधी पाहिली नव्हती. तिने नवी चप्पल घेतली. कामावर निघताना आरशासमोर जरा जास्त उभी राहू लागली. एका संध्याकाळी भांडी घासता घासता म्हणाली, "बघ. शेवटी सरळ कामाला किंमत आली. उशिरा आली, पण आली." मी हातातलं ताट पुसत मान हलवली.

तिला वाटत होतं, इतकी वर्षं ती जे काढत आली तेच लोकांना आत्ता कुठे दिसलं. आणि लोकांना जे आवडलं होतं ते तिला दिसतच नव्हतं. हे तिला कोणी सांगायचं? मांजराच्या गळ्यात घंटा बांधायची, आणि मांजर आपल्याच घरचं, आयुष्यात पहिल्यांदा पोटभर दूध प्यायलेलं.

निदान सूनबाईला तरी खरं सांगावं म्हणून मी एकदा तिच्या खोलीत गेले. भिंतीवर तिने ताईची सगळी नवी फुलं ओळीने लावली होती आणि ती हाताची घडी घालून त्यांच्यासमोर उभी होती. मी तोंड उघडायच्या आत तिने विचारलं, इतक्या वर्षांच्या सवयीतून ताई अशा अचानक मोकळ्या कशा झाल्या? मी भिंतीकडे बघितलं. ओळीने लावल्यावर ती फुलं खरंच सुंदर दिसत होती, आणि माझ्या बहिणीचा डोळा त्यांत दर कागदागणिक थोडा थोडा जाताना दिसत होता. मी म्हणाले, वय झालं की माणूस मोकळं होतं. आणि बाहेर आले.

मग मी ठरवलं, डोळे आणि फुलं वेगळी ठेवायची. डोळ्यांवर इलाज करायचा, फुलांबद्दल अवाक्षर काढायचं नाही. फार हुशारी केल्यासारखं वाटलं होतं मला.

डॉक्टरकडे चल म्हटलं की ताई उडवून लावायची. चष्म्याचा नंबर बदलला असेल, हे काम संपू दे, मग बघू. दुखणं अंगावर काढण्यात ताईचा हात धरणारं कोणी नाही. शेवटी मी म्हणाले, माझ्याच डोळ्यांत काहीतरी झालंय, मला एकटीला जायची भीती वाटते. माझ्यासाठी म्हटल्यावर ती लगेच निघाली. तिथे मी डॉक्टरीणबाईंना बाजूला गाठून सगळं सांगितलं, आणि त्यांनी, आता आलाच आहात तर तुमचेही बघून टाकू, असं म्हणत ताईला खुर्चीत बसवलं.

त्यांनी तिचा डावा डोळा झाकला आणि समोर एक कार्ड धरलं. बारीक चौकटींचं, मधोमध ठिपका. हुबेहूब आमचा चौकडीचा कागद. ताईने ते बघितलं आणि अगदी सहानुभूतीने म्हणाली, "तुम्हीपण त्याच्याकडूनच घेता वाटतं. बदला तो दुकानदार." मला हसू आणि रडू एकदमच आलं, आणि मी दोन्ही गिळलं. मग उजवा डोळा झाकल्यावर तर तिला मधला ठिपकाच दिसेना, त्या जागी नुसता करडा डाग.

डॉक्टरीणबाईंनी समजावून सांगितलं. डोळ्याच्या मागच्या पडद्याला सूज आली आहे, तिथे पाणी साठतंय, म्हणून सरळ रेघ वाकडी दिसते. डाव्या डोळ्याचं मधलं दिसणं गेलं, ते परत येणार नाही. उजव्याचं आत्ता सुरू झालंय. डोळ्यात इंजेक्शनं द्यावी लागतील, आणि लगेच. थांबलात तर तोही डाव्याच्या वाटेने जाईल. "आयुष्यभर लोकांचे पडदे सजवले," ताई म्हणाली, "आणि घरचा पडदा असा निघाला." डॉक्टरीणबाई हसल्या नाहीत. मीही नाही.

ताई मूर्ख नाही. दवाखान्याच्या पायरीवर ती थांबली. कागद सरळ होता हे तिला कळून चुकलं होतं.

"मग माझी फुलं?" तिने विचारलं.

मला खरं सांगता आलं असतं. तिथेच, त्याच पायरीवर. पण मी तिच्या तोंडाकडे बघितलं.

"फुलं ठीक आहेत," मी म्हणाले. "तुझा हात सवयीचा आहे. त्याला डोळे कशाला लागतात?"

तिने बराच वेळ माझ्याकडे बघितलं, म्हणजे ज्या डोळ्याने थोडंफार दिसत होतं त्याने. मग तिचा चेहरा सैल झाला. तेच म्हणते मी, म्हणाली, हाताला माहीत असतं. आणि घरी पोचेपर्यंत ती इंजेक्शनांपेक्षा हाताबद्दलच बोलत राहिली.

इंजेक्शनांना ती नाही म्हणाली नाही, पण आधी मालिका पूर्ण करते म्हणाली. अर्ध्याहून जास्त फुलं झाली होती, उरलेली तिला स्वतःच्या हाताने करायची होती. डोळ्यात सुई गेल्यावर हात थरथरू लागला तर? डोळ्यावर पट्टी, विश्रांती, तोवर गिऱ्हाईक निघून गेलं तर? मी म्हणाले, आणि डोळा निघून गेला तर? ती म्हणाली, एका डोळ्यावर माणसं राहतातच की. मी म्हणाले, तो एक आधीच गेलाय बाई, आता दुसऱ्याची गोष्ट चाललीय. आम्ही इतक्या जोरात भांडलो की खालचा किल्लीवाला वर येऊन दार वाजवून गेला. शेवटी ती रडली. आई गेली तेव्हा ताई रडली होती, त्यानंतर मी तिला रडताना बघितलं नव्हतं.

"तुला कळत नाही," ती म्हणाली. "मला कुणीतरी विचारलंय गं. इतक्या वर्षांनी. हे सोडून डोळे कशासाठी वाचवू?"

मला कळत होतं. म्हणूनच तर ओरडावं लागत होतं. आणि मनात याहून वाईट गोष्ट होती, ती मी तिच्यासमोर बोलू शकत नव्हते. डोळा सुधारला की फुलं पुन्हा सरळ होणार, आणि सरळ फुलं कुणालाच नको होती. म्हणजे तिला दिसावं म्हणून धडपडताना तिला मिळालेलं मीच काढून घेणार होते. पण बहीण आंधळी होताना बघत बसणं मला जमणार नव्हतं. कौतुकावाचून माणूस जगतं, ताई तशीच तर जगत आली होती, असं मी स्वतःला बजावलं. हे बजावताना मला माझीच लाज वाटली.

मी म्हणाले, उरलेली फुलं मी काढते. तू काढलेल्यांवरूनच उतरवते, एखादं पान इकडचं तिकडे करते, तुझी एक रेघ बदलत नाही. खूप आढेवेढे घेऊन ती कबूल झाली. दवाखान्यात जायच्या सकाळी जाता जाता ती कारखान्यात माझ्या टेबलाशी आली, माझ्या खांद्यावर हात ठेवला आणि म्हणाली, "देठ सरळ ठेव हं. तुझा देठ जरा कलतो."

मी हो म्हणाले.

वाकडं फूल काढणं किती अवघड असतं ते मला त्या दिवसांत कळलं. माझ्या मनाने एक काढून बघितलं, तर ते नुसतं चुकलेलं दिसलं. ताईच्या वाकड्या देठात सरळ जायचा हट्ट होता, त्यामुळे तो वळला तरी ताठ होता. माझा नुसताच वाकडा. मग मी निमूटपणे तिच्याच रेघांवरून पेन्सिल फिरवत राहिले. संध्याकाळी घरी गेले की ताई पहिल्यांदा तेच विचारायची, देठ सरळ आहेत ना? मी हो म्हणायचे. खोटं बोलताना सुरुवातीला जीभ अडखळते, मग तीही सरावते.

इंजेक्शनं लागू पडली. एका सकाळी ताई चहाचा कप घेऊन खिडकीशी उभी होती आणि तिथून हलेना. मग म्हणाली, "अगं, घरमालकाने गज बदलले वाटतं." मी धावत जाऊन तिला मिठी मारली, चहा दोघींच्या अंगावर सांडला. डावा डोळा गेला तो गेलाच, पण उजवा वाचला होता. माझ्या जिवात जीव आला, आणि लगेच मला कारखान्यातलं कापड आठवलं.

मी लांबवायचा प्रयत्न केला. तिकडे धूळ असते, रंगाचा वास असतो, अजून थोडे दिवस घरी बस. पण डॉक्टरीणबाईंनी परवानगी दिली होती आणि ताईला तिचं नाव बघायचं होतं. नवी चप्पल घालून ती निघाली. रस्ताभर तिचं एकच चाललं होतं, किती स्वच्छ दिसतंय सगळं. मी तिच्या शेजारून चालत होते आणि कारखान्याला आज कुलूप असावं अशी मनात प्रार्थना करत होते.

छपाईच्या लांब टेबलावर मालिकेचं पहिलं कापड अंथरलं होतं. मुकादम आणि रंगाच्या बायका बाजूला झाल्या, ताईला जागा करून दिली. ती वाकली. चष्मा सारखा केला. आणखी वाकली. मग दोन्ही हातांनी कापड आडवं ताणून बघितलं. छापताना कापड खेचलं गेलं की नक्षी तिरकी दिसते, म्हणून आम्ही सगळेच आधी ते तपासतो. कापड बरोबर होतं.

"हे कुणी काढलंय?" तिने हळू आवाजात विचारलं.

"मी," मी म्हणाले. विचारसुद्धा केला नाही.

तिने मला तिथल्या तिथे दबक्या आवाजात झाडायला सुरुवात केली. ही पाकळी बघ, हिला पोट सुटलंय. हे पान कुठे चढलंय. देठ सरळ ठेव म्हणून जाताना सांगितलं होतं ना तुला. मी मान खाली घालून ऐकत होते, आणि खरं सांगते, बोलणी खाताना मला आयुष्यात कधी इतकं बरं वाटलं नव्हतं. वाटलं, निभावलं. बोलता बोलता तिचं बोट एका फुलावर थांबलं आणि ती गप्प झाली. बोट पाकळीच्या कडेवरून फिरलं, सावकाश, मग पुन्हा एकदा. आपल्या हातचं काम आपल्याला ओळखू येतंच, दुसऱ्याने ते कितीही अंगावर घेतलं तरी. ती टेबलाच्या कडेने कापडाच्या काठापर्यंत गेली आणि तिथे छापलेलं नाव तिने वाचलं.

तेवढ्यात सूनबाई आली. ताईला बघून तिला मनापासून आनंद झाला. तिने ताईचे दोन्ही हात धरून डोळ्यांची चौकशी केली, आणि म्हणाली, गिऱ्हाइकाला पुढची मालिका हवी आहे ताई, अगदी अशीच, हाच जिवंतपणा हवा.

ताईने हात सोडवून घेतले. "मॅडम, काठावरचं नाव चुकलंय," ती म्हणाली. "ही माझी नाहीत. ही सगळी हिची आहेत."

सूनबाईने माझ्याकडे बघितलं. मला नाही म्हणायचं होतं, मी तोंड उघडलंही. पण ताई माझ्याकडे अशी बघत होती की मी ते मिटलं. सूनबाई गोंधळली, मग हसली, मग म्हणाली, दोघींचं बोलणं होऊ दे, आपण उद्या बसू.

घरी परतताना ताईने एकदाही वर खिडक्यांकडे बघितलं नाही. जिन्याच्या तळाशी ती थांबली.

"तुला कधी कळलं?"

"अगदी सुरुवातीला," मी म्हणाले.

"म्हणजे त्यांनी कौतुक केलं तेव्हा तुला माहीत होतं."

"हो."

"मी तुला म्हणाले, शेवटी सरळ कामाला किंमत आली. तू मान हलवलीस."

मला रडू फुटलं. मी म्हणाले, तू इतकी खूश होतीस ताई, मला ते मोडवलं नाही. आणि लोकांना ती आवडली ते काही खोटं नाही ना? तुझ्याच हातची आहेत ती, डोळ्यामुळे असोत नाहीतर कशामुळे. नाव राहू दे. पहिल्यांदा आलंय. मी उद्या मॅडमना सगळं समजावून सांगते.

"काही सांगायचं नाही," ती म्हणाली. आवाजात राग नव्हता. राग असता तर मला सोपं गेलं असतं. "तुला आवडतात ती?"

मी खोटं बोलून थकले होते. "हो."

"आधीच्यांपेक्षा?"

मी पिशवीत किल्ली शोधू लागले. तेवढ्याने तिला कळलं. तिने कठड्याला हात लावला.

"मग तूच घे ती," ती म्हणाली. "पुढची मालिकाही तूच काढ. लोक म्हणतील, कंपासची बहीण छान काढते. म्हणू देत. कंपासच्या हातून वाकडं कधी गेलं नाही. माझ्याकडे एवढंच होतं, ते राहू दे."

मी बरं म्हणाले. ती जिना चढू लागली. आता तिला एकेक पायरी स्वच्छ दिसत होती.